लाल निशाणवाला

मेक्सिकोत साकातेकासच्या रस्त्यावर जिथे खणलेलं असतं, तिथे गाड्यांना सावध करायला माणसाऐवजी बुजगावणं उभं करतात. अंगात नारिंगी जॅकेट, हातात वाऱ्यावर हलणारं लाल निशाण.

पहिलं बुजगावणं दिसताच माझ्या बायकोने, ओतिलियाने, मला गाडी थांबवायला लावली आणि माझी गवती हॅट त्याच्या डोक्यावर चढवली.

"अगं, बाबांची हॅट ती! ते गेले तेव्हापासून जपलीय."

"बिचारा उन्हात उभा आहे. आणि तुझ्यापेक्षा त्यालाच शोभतेय."

तासाभराने पुन्हा रस्ता खणलेला. तिथल्या बुजगावण्याच्या डोक्यावर तीच हॅट, कडेला तीच उंदराने कुरतडलेली खाच.

ओतिलिया पोट धरून हसली. "बघ, तुझ्या आधी पोचला! जरा जोरात चालव की."

मीही हसलो, पण गाडी थांबवली नाही.

पुढच्या कामापाशी बुजगावण्याचा नुसताच खांब होता. "सुटलो बाई एकदाचे!" ती म्हणाली, आणि पेरू खात आम्ही मोठमोठ्याने गाणी म्हणू लागलो.

मागून एक ट्रक आला. बरोबरीला येताच ड्रायव्हरने हसत खिडकीतून डोकं काढलं.

"ए दादा, मागच्या सीटवरच्या हॅटवाल्या आजोबांना सांग, निशाण आत घ्या म्हणावं! एखाद्या वळणावर हात जाईल त्यांचा!"