मुठीएवढं काळीज

पडद्यावर मुठीएवढं काहीतरी धडपडत होतं. “हे तुमचं हृदय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्रेनवाला बघतच राहिला. जन्मभर त्याने टनावारी लोखंड उचललं. सुट्टीशिवाय राबणारं हे चिमुकलं प्रकरण कधी पाहिलं नव्हतं. “म्हणजे काळीज आहे तर!” बायको पुटपुटली. ठोके मात्र बेताल होते. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी हवी होती. “यातली एक गोळी भरल्या पोटीच घ्यावी लागते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांच्या जेवणाला वेळकाळ नाही, पित्त तेवढं वेळेवर!” “मग ही दुसरी घ्या. पोटाला सोसेल, जेवणाशी बांधलेली नाही. एक क्रेनवर चढण्याआधी, एक उतरल्यावर. चुकवायची नाही.” “हे बिचारं थांबत नाही, मी कशाला चुकवतोय!” तो म्हणाला. घरी जिना चढताना तो छातीवर हात ठेवून थांबला. “दम लागला?” बायको घाबरली. “नाही. त्याला जरा विसावा देतोय.”