हरीओमची सहावी

संगीता मागच्या सतरंजीवर खांबाला टेकून बसली. तिथून हॉलचं दार नीट दिसत होतं.

हरीओमने सकाळी रिसोडच्या स्टँडवरच तिला बजावलं होतं, "येतं तर ये. पण मांगं बसजो. अन् पोराइसमोर मले हाक मारू नको."

तिने मान डोलावली. तो जीपमध्ये बसला, केनवडला उतरला आणि शाळेच्या फाटकातून आत गेला, एवढंच तिला पुष्कळ होतं. आत गेल्यावर मात्र तो दिसेनासा झाला होता.

सहावीच्या नव्या वर्षाची पालकसभा होती. पुढे मुलं, मागे घरची माणसं. शेजारी तांड्यावरची भुरीबाई नातवासाठी आली होती. नातू करण पुढून सारखा मागे वळून तिला वाकुल्या दाखवत होता.

"दाराकडं काय पाहून राह्यली व माय?" भुरीबाईने विचारलं. "कोनी यायचं हाय?"

"नाही. माहा पोरगा आत हाय. पळून तर नाही जात, थे पाहून राह्यली."

"नवा हाय शाळेत?"

"नवाच. पयल्यापासून भित्रा. मागच्या वर्षी मानोऱ्याकडं एका शाळेत होता. पोळ्याच्या आतच घरी आला. पोट्टे हसायचे अन् याच्या तोंडातून शब्द निघेना. मंग वर्षभर घरीच बसला. आता इथूनही परत आला, तर पुन्हा शाळेचं नाव घेणार नाही तो."

"मास्तर मारे काय?"

"छे! मास्तर चांगले होते. पोट्टेच बेरके."

भुरीबाई हसली. "सहावीतले पोट्टे म्हंजे माकडं. मा करण तं त्याइचा राजा."

संगीता बी.ए. झालेली. सहावीची पुस्तकं तिने सुट्टीतच वाचून काढली होती. भाजी निवडता निवडता तिने हरीओमकडून विज्ञानाचा पहिला धडा म्हणून घेतला होता. तो अडखळला की ती देठ तोडता तोडता थांबे, पण वर बघत नसे. काल तर तो आरशापुढे उभा राहून एकटाच पुटपुटत होता. तिने दार हळूच ओढून घेतलं होतं.

मुख्याध्यापक मारोतराव बोलायला उठले. त्यांना पाहून संगीताचे हात आपोआप जुळले. हरीओमची सगळी कथा ऐकूनही त्यांनी "पाठवा त्याला, पाहू आपण" म्हटलं होतं. त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन ती आधी त्यांच्या घरी गेली आणि मग पोहरादेवीला.

"पाचवीपर्यंत पोरगं तुमचं होतं," मारोतराव म्हणाले. "आता ते थोडं त्याचं स्वतःचं होईल. पहिल्या चाचणीत मार्क घसरतील, घाबरू नका. घरी आलं की बोलणार नाही, चिडेल. खोदून खोदून विचारू नका. दिवाळीपर्यंत दम धरा. आणि सोयाबीनच्या सोंगणीला कुणाला घरी ठेवायचं नाही."

"मंग मजूर तुमी देता का, सर?" मागून एकजण ओरडला.

"रविवारी मीच येतो विळा घेऊन. जेवण मात्र तुमच्याकडं."

सगळे हसले. संगीता हसली नाही. दिवाळीपर्यंत दम धरा, हे वाक्य तिने मनात घट्ट बांधून घेतलं.

"जेवते का बराबर?" भुरीबाईने कुजबुजत विचारलं.

"कुठं! सकाळची भाकर तशीच ताटात टाकून आला."

"मा करणले सांगतो मी. तुया पोराले संगं घेऊन जेवजो म्हनावं. कोनी हसलं तं करण पाहून घेईन त्याले."

संगीताने तिचा खरबरीत हात धरला. "लय उपकार होतील, मावशी."

"उपकार कायचे? लेकरू थे लेकरूच."

मारोतरावांनी सहावीच्या नव्या वर्गशिक्षकांना पुढे बोलावलं. एक सडपातळ सर फळ्यापाशी येऊन उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मुलांत खसखस पिकली. करणने मोठ्यांदा जांभई दिली.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "मलाही रात्री झोप नाही आली," ते म्हणाले. "तुमची भीती वाटत होती."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग करणच खदखदून हसला, आणि त्याच्यामागे सगळी सहावी. सरही हसले. त्यानंतर ते बोलत राहिले: घरी जाळीसारख्या मुळांचं रोप असेल तर उद्या आणा, मातीसकट आणा, हात मळले तर चालतील. मुलं गुडघ्यांवर उठून प्रश्न विचारू लागली. "सर, मी! सर, मी!"

संगीता पदराने डोळे पुसत होती.

"मास्तर तं गुनाचा निंगाला," भुरीबाई म्हणाली. "आता रडतं कायले? तुया पोराचं भलंच होईन त्याच्या हाताखाली. अन् दाखव तं खरं मले, एवढ्या पोट्ट्याइत तुहा कोन्ता?"

"पोट्ट्याइत नाही, मावशी," संगीता म्हणाली. "थो फळ्याजवळ बोलून राह्यला ना, थो."