व्यासपीठावरचं एक वाक्य

“मिस ऑपल, ती वही जरा इकडे द्या.”

उपासना संपून मंडळी बाहेर पांगली होती. मिस ऑपल तिसऱ्या बाकावर एकट्याच चष्मा पुसत बसल्या होत्या. व्हर्नेल त्यांची वाट अडवून उभी राहिली.

व्हर्नेल स्टोक्स म्हणजे चर्चची चिटणीस. पाळकांचा उपदेश टंकायचा, अंत्यविधीची पत्रकं छापायची, बुधवारच्या जेवणाचं बघायचं. सतरा वर्षं ती हेच करत आली होती. मंगळवारी कर खात्याचं पत्रही तिनंच फोडलं. पाळक थर्मन गेन्स यांनी व्यासपीठावरून शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीतल्या एका उमेदवाराला मत द्यायला सांगितलं, अशी कुणीतरी निनावी तक्रार केली होती. करमाफी घेणाऱ्या चर्चला तशी मुभा नाही. चौकशीला खात्याची बाई येणार होती.

पत्रात पाळकांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. ‘सायलस लॅटिमोरला त्या खुर्चीत बसवा, नाहीतर देवाला काय तोंड दाखवाल?’ कानामात्रेचा फरक नव्हता. आणि उपदेश ऐकता ऐकता लिहून घेणारं माणूस चर्चमध्ये एकच होतं.

“करमाफी गेली तर बुधवारचं स्वयंपाकघर बंद पडेल,” व्हर्नेल म्हणाली. “साठ म्हातारी माणसं जेवून जातात तिथं. तुम्हीसुद्धा. तरी तुम्हाला हे सुचलं?”

मिस ऑपलनी वही पुढे केली. प्रत्येक उपदेशाच्या वर एकच ओळ होती: ‘माझ्या रेजिनाल्डला.’

“पोरगा तुरुंगात आहे माझा,” त्या म्हणाल्या. “दर सोमवारी त्याला उतरवून पाठवते. त्या रविवारचं पान बघ. सगळं आहे, तुझं ते वाक्य नाही. ते मी लिहिलंच नाही, पोरी. ते देवाचं बोलणं नव्हतं.”

व्हर्नेलनं ते पान दोनदा वाचलं. तिनं माफी मागितली. पण घरी जाताना तिचा निश्चय आणखी घट्ट झाला. ज्यानं कुणी हे केलंय, त्याला ती हुडकून काढणारच होती.

सोमवारी कचेरीत डीकन रूफस लॅटिमोर येऊन बसला. चर्चच्या मंडळाचा तो अध्यक्ष, आणि सायलसचा थोरला भाऊ.

“घरभेदी सापडला का?”

“अजून नाही.”

“शोध. आणि ती बाई आली की सांगायचं, पाळक असलं काही बोललेच नाहीत. उपदेशाचं ध्वनिमुद्रण पुसून टाक.”

“पुसणार नाही मी. आणि खोटंही बोलणार नाही.”

“मग बस चर्चला कुलूप लावत!” डीकन उठून गेला.

पाळक खिडकीशी उभे होते. गेल्या महिन्यात याच खोलीत डीकननं त्यांना बजावलं होतं, भावाचं नाव घ्या, नाहीतर मंडळ दुसरा पाळक बघेल. पाळक म्हणाले होते, कायदा आडवा येतो. त्यावर डीकन खदखदून हसला होता. “त्या कायद्यानं आजवर कुणाचं काय वाकडं केलंय? आणि तक्रार करणार कोण? सगळी आपलीच माणसं!”

“तुम्ही बोललात तरी कशाला, पाळकसाहेब?” व्हर्नेलनं विचारलं.

“आयत्या वेळी तोंडून गेलं.” ते खिडकीपासून वळले. “शोधू नकोस, व्हर्नेल. ज्यानं केलं, त्याचं ओझं त्याच्याजवळ आहेच.”

एवढ्या मोठ्या मनाच्या माणसावर तक्रार करायला हात तरी कसा धजला, असं तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

गुरुवारी कर खात्याच्या मिसेस टॅकेट आल्या. करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. टेबलाभोवती चौघं बसले.

“पाळक हे वाक्य बोलले का?” त्यांनी व्हर्नेलला विचारलं.

डीकननं डोळे वटारले. पाळक खाली मान घालून बसले होते.

“बोलले,” व्हर्नेल म्हणाली. “मी माझ्या कानांनी ऐकलं. ध्वनिमुद्रणही आहे.”

मिसेस टॅकेटनी लिहून घेतलं. “खरं सांगितलंत ते बरं केलंत. पहिलीच वेळ आहे. यापुढे इथून कुठल्याही उमेदवाराचं नाव निघणार नाही, आणि त्यासाठी पाळकांवर कुणी दबाव आणणार नाही, असं लिहून द्या. करमाफी राहील. सही मंडळाच्या अध्यक्षांची.”

डीकनची मान लाल झाली. त्यानं सही केली, पेन टेबलावर आपटलं आणि टोपी उचलून चालता झाला. पाळकही उठले, मिसेस टॅकेटचे आभार मानून स्वयंपाकघराकडे गेले.

व्हर्नेलनं सुस्कारा सोडला. स्वयंपाकघर वाचलं होतं. घरभेदी तेवढा सापडला नव्हता.

“एक रकाना राहिला,” मिसेस टॅकेट म्हणाल्या. “हा उपदेश नक्की कधीचा?”

“सहा ऑक्टोबर. रविवार.”

“नक्की?”

“अगदी.”

मिसेस टॅकेटनी तक्रारीचा लिफाफा उजेडात धरला. “मग हे कसं? टपालाचा शिक्का पाच तारखेचा आहे. शनिवारचा.”

व्हर्नेलनं लिफाफा हातात घेतला. शिक्का स्पष्ट होता. तिनं शुक्रवारी टंकलेली उपदेशाची प्रत काढली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. ते वाक्य त्यात कुठंच नव्हतं. रविवारी सकाळी पाळकांनी ते उच्चारेपर्यंत जगात ते एकाच माणसाला ठाऊक असणं शक्य होतं, आणि तो माणूस आत स्वयंपाकघरात, कितीतरी दिवसांनी, मोठ्यानं गात होता.