पाठमोरी साक्ष

"तू आधी तिकडे तोंड कर बरं. तू बघितलंस की माझी तबकडी वाकडी जाते," भास्कररावांनी फर्मावलं.

विभावरीबाई निमूटपणे डोंगराकडे वळल्या. न्यू मेक्सिकोत, लेकीच्या गावाबाहेरच्या त्या उंच, उघड्याबोडक्या माळावर डिस्क गोल्फचं नवंकोरं मैदान कालच सुरू झालं होतं. ठिकठिकाणच्या खांबांवरच्या साखळ्यांच्या टोपल्यांत लांबून, कमीत कमी फेकींत तबकडी टाकायची, एवढाच खेळ. सकाळपासून भास्कररावांच्या तबकड्या निवडुंगात जात होत्या आणि दरवेळी खापर बायकोच्या नजरेवर फुटत होतं. तसं ते लग्नापासून फुटतच होतं.

वारा पडला. पाठीमागे साखळ्या खळ्ळकन वाजल्या.

"गेली! या टोपलीत पहिल्याच फेकीत गेली!" भास्करराव नाचायलाच लागले. या मैदानावर असा नेम साधणाऱ्या पहिल्या खेळाडूचं नाव फाटकावरच्या पाटीवर कोरलं जाणार होतं. फक्त डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार हवा होता. त्यांनी चहूकडे पाहिलं. माळावर चिटपाखरूही नव्हतं.

"अगं, पाहिलंस ना तू?"

"पाठ होती माझी. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग नुसतं पाहिलं म्हणून सांग! तुझं काय जातंय?"

"सांगेन की," विभावरीबाई टोपी सावरत म्हणाल्या, "पण मी बघत असताना ती टोपलीत गेली, हे आधी तुम्ही जावयासमोर कबूल करा."

भास्करराव घुटमळले. फाटकाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग पिशवीतून दुसरी तबकडी काढली.

"कर परत तिकडे तोंड."