ठसका

जळत्या गोडाऊनचा धूर तपकिरी व्हायला लागला आणि रोहिणीने नवऱ्याला हाक मारली.

गोडाऊन हेमकांतशेठच्या खताचं. त्याला लागूनच तिच्या नवऱ्याची, ललितची, मिरची वाळवायची पथारी. वर्षभराची लाल मिरची उन्हात पसरलेली. ती वाचवायला ललित पाईप धरून गोडाऊनच्या तापल्या भिंतीवर पाणी मारत होता. मागे अर्धी वस्ती मोबाईल उंचावून उभी. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"आहो, पाईप सोडा आन चला! ते फुटनार शे!"

"आग ते बसी ऱ्हायनी. मी हालनू, ते मन्ही मिरची आख्खी जयी जाई!"

ज्वाळा खरंच बसल्या होत्या. तेच तर वाईट होतं. रोहिणी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि तिची पीएचडी नेमकी याच विषयातली. दाणेदार ढिगात पोकळ्या असतात. आधी आग दाण्यादाण्याने सरकते. मग तापलेला वायू त्या पोकळ्यांतून आगीच्या पुढे धावतो, कोंडला की दाब चढत जातो, आणि एका क्षणी जळणं संपून स्फोट होतो. तो क्षण कधी येईल हे छातीठोक सांगणारा अजून जन्माला यायचाय. हे सगळं आता कुणाला समजावणार?

तिने पथारीवरची ताडपत्री मिरचीसकट ओढली आणि वाऱ्याच्या बाजूला जळत पडलेल्या पोत्यांवर उलटी केली.

क्षणात धूर गर्दीवर आला. शिंका, शिव्या, ठसके. सगळे वाट फुटेल तिकडे, नाल्याच्या दिशेने पळाले. पथारीवर काम करणारी गजराबाई पदराने नाक दाबून ओरडली, "बाई येडी व्हयी गयी का?"

ललित मात्र जागचा हलला नाही. तीन पिढ्या मिरचीच्या धंद्यात गेलेलं घराणं. मिरचीच्या पोत्यांवर झोपून मोठा झालेला माणूस. त्याला कसला ठसका? त्याने रुमाल ओला करून तोंडाला बांधला आणि पुन्हा पाणी मारायला लागला.

रोहिणी खापर गावची, मिरचीची सवय नसलेली. घरात फोडणी पडली तरी तिचे डोळे वाहायचे. ती त्या धुरात शिरली. तिने त्याला हाक मारली, पण खोकल्यात ती विरून गेली. भिंतीपाशी पोचता पोचता ती गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली.

ललितने पाईप टाकला. तिला खांद्यावर घेऊन तो मिरची तुडवत धावत सुटला. दोघं नाल्यात पोचतात न पोचतात तोच जमीन हादरली. कान बंद झाले. वरून पत्रे पडत राहिले.

बऱ्याच वेळाने ललितने डोकं वर काढलं. तो उभा होता तिथे आता खड्डा होता. त्याने तोंडावरचा रुमाल सोडला.

"तू पडनी नसती," तो कसंबसं म्हणाला, "ते मी हालनू नसतू."

रोहिणीने डोळे उघडले.

"म्हनीसनच मी पडनू."