लाखीचा पान्हा
आज सकाळी आमच्या लाखी म्हशीने पान्हा सोडला. पण ते झालंच नाही असं धरा, कारण गुरांच्या डॉक्टरांनी मला तिच्याजवळ फिरकायची बंदी केली आहे. म्हशींना होणाऱ्या देवीचे फोड आधी तिच्या आचळांवर आले, मग दूध काढता काढता माझ्या बोटांवर. आमच्या कच्छच्या बन्नी कुरणातली म्हैस एकाच माणसाला दूध देते, आणि लाखीने तो माणूस म्हणून मला धरलंय. तिची कास दगडासारखी होत चालली होती. आणखी एक वेळ तुंबली असती तर कायमची गेली असती. म्हणून अम्मा हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, माझा सदरा घालून दूध काढायला बसली. लाखीने वळून पाहिलं आणि सदऱ्याबद्दलचं मत शेपटीने अम्माच्या तोंडावर दिलं. “जुमा, हाक तरी मार मेल्या! निकाह लावलायस का हिच्याशी?” मी बाभळीच्या कुंपणाबाहेरून थकल्या आवाजात म्हटलं, “आव, लाखी.” ती बादली लाथाडून थेट कुंपणाशी आली, फडक्यात गुंडाळलेल्या माझ्या हातांवर तिने हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून पान्हा सोडला. “ढकल तिला मागे!” बादली घेऊन धावत आलेली अम्मा ओरडली. “कशाने ढकलू?” मी विचारलं. अम्माने तिथेच दूध काढलं आणि शेवटी ते सगळं डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे जमिनीत पुरलं. “एवढ्या लाडाने खड्ड्याला पाजलं,” म्हणत अम्मा तिथेच मटकन बसली. संध्याकाळी पुन्हा हेच आहे. सबब लाखीस नम्र विनंती, की माझे हात बरे होईपर्यंत तिने मला ओळखू नये.