दोन अडकलेल्या माना

"हिला शेक, तिला हाताने मालिश," फिजिओथेरपिस्ट बाईंनी फर्मान काढलं आणि दोन खाटांमधला पडदा ओढला. "बघू, कुणाची मान आधी सुटते."

माझीच, शेकाखाली पडलेली धाकटी मनात म्हणाली. ताईच्या आधी नाही सुटली तर बघा!

दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान. मशिनी शेजारी शेजारी. ताईने भर गिऱ्हाइकासमोर धाकटीने लावलेली कोटाची कॉलर टराटरा उसवली, त्याला आज बारा दिवस झाले. तेव्हापासून अबोला. डावीकडची ताई डावीकडच्या भिंतीकडे बघायची, उजवीकडची धाकटी उजवीकडच्या खिडकीकडे. सुईकडे बघायचं तेवढं बघायचं, की मान पुन्हा जागेवर. परवा सकाळी दोघींच्या माना तशाच अडकल्या.

पडद्यापलीकडून ताईचा दबका आवाज आला, "तिला फार दुखतंय का हो?"

"तुम्हीच विचारा की."

"मी बरी विचारीन!"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेक फार गरम आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

बाईंनी पडदा सारला. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. दुकानात कशा बसता ते त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून जागा बदलून बसायचं. हाही उपचारच समजा."

दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या, आणि अडकलेली तोंडं नेमकी एकमेकींसमोर!

"मान वळत नाही म्हणून बघतेय," ताई गुरकावली. "लाडात येऊ नकोस."

"मला तरी कुठे हौस आहे!"

दोन बाह्या शिवून झाल्यावर ताई पुटपुटली, "कॉलर बरी होती गं ती. माझंच डोकं फिरलं होतं."

मग मशिनी थांबायच्या, पण तोंडं थांबेनात.

बाईंचा रोज फोन. कुठला उपचार जास्त लागू पडला? शेक की हात? दोघी एका सुरात कण्हायच्या, "छे हो, काडीचा फरक नाही."

पाचव्या दिवशी मागची फळी रिळांसकट धाडकन कोसळली. दोघी गर्रकन वळल्या. नेमक्या त्या बाजूने, जिकडे मान तसूभरही वळत नव्हती.

दोघींनी मुकाट्याने रिळं गोळा केली, आपापल्या खुर्चीत बसल्या, आणि माना हळूच पुन्हा अडकवून घेतल्या.